चेहऱ्यावरील सूज : निदानाची नोंद व कोडिंग

चेहरा का सुजला हे केसपेपरवर लिहून त्या निदानाला आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातला (आयसीडी) कोड देण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत केली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी विम्याच्या कागदांवर दहावीचे कोड अजून दिसतात.

नुसते ‘तोंड सुजलंय’ लिहिले तर मिळतो आर२२.०, म्हणजे डोक्याच्या भागातली स्थानिक सूज किंवा गाठ. हा लक्षणाचा कोड. कारण सापडले की तो मागे पडतो. दाढेच्या मुळाशी पू असेल तर के०४.७, गालगुंड बी२६, चेहऱ्याच्या त्वचेखालचा जंतुसंसर्ग एल०३.२, ओठ-पापण्या एकाएकी फुगवणारा अँजिओएडिमा टी७८.३. तो रक्तदाबाच्या एनालाप्रिलसारख्या गोळीने झाला असेल तर सोबत त्या औषधगटाचा वाय५२.४, पण गोळीचे नावच लिहिलेले नसेल तर कोडर (केसपेपर वाचून कोड लावणारा) ते कुठून आणणार?

कोकणात हंगामही विचारावा लागतो. ओले काजू सोलताना टरफलातले तेल बोटांना लागते, त्याच हाताने गालावरचा घाम पुसला जातो आणि एक-दोन दिवसांत बिब्बा उतावा तसा चेहरा उठतो. बिब्बा, काजू, आंबा एकाच कुळातले; हापूसच्या देठाचा चीकही हेच करतो. याचा कोड एल२३.७, वनस्पतीमुळे झालेला ॲलर्जिक त्वचादाह. केसपेपरवर फक्त ‘ॲलर्जी’ असेल तर गाडी टी७८.४ वर, म्हणजे अनिर्दिष्ट ॲलर्जीवर, अडते.

सर्वांत मोठी गल्लत बांगड्याची. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात जिवाणूंमुळे हिस्टामीन (ॲलर्जीसारखी लक्षणे आणणारे रसायन) तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. जेवल्यावर तासाभरात चेहरा लाल, गरम होतो, कधी ओठ सुजतात. ही मत्स्यविषबाधा, टी६१.१. घाईत अन्नाच्या ॲलर्जीचा टी७८.१ पडला, तर रुग्ण बांगडा कायमचा सोडतो. कोकणी माणसाला ही शिक्षा लहान नाही. (श्वास लागत असेल, जीभ सुजत असेल तर आधी इंजेक्शन, कोड मागाहून.) ‘दुपारी १ वा. बांगड्याचे कालवण, पाऊण तासाने तोंड लाल, घरात आणखी दोघांना तसेच, पूर्वी बांगड्याने त्रास नाही’ एवढी दीड ओळ असली की कोडरला फोन करून विचारावे लागत नाही.