कोरोनाच्या आड राहिलेला टीबी : सीमाभागाची पार्श्वभूमी

देशात 2019 साली टीबीच्या 24.04 लाख रुग्णांची नोंद झाली होती. 2020 मध्ये ती 18.05 लाखांवर आली. ही सहा लाख माणसं काही वर्षभरात बरी झाली नव्हती. त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं. खानापूरपासून निपाणी-अथणीपर्यंतच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या घसरणीला आणखी एक पदर होता, तो म्हणजे राज्याची हद्द. पण आधी विषाणू आणि जिवाणू यांची जोडी कशी चालते, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

1918 ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात दोन लाटांत आली. बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यात होता. जूनची लाट सौम्य होती, सप्टेंबर-ऑक्टोबरची जीवघेणी. त्याच वर्षी पावसानं दगा दिला आणि धान्य महागलं. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला थेट 1933 मध्ये. तोवर या तापाचं मूळ बहुतेकदा एका जिवाणूत शोधलं जात होतं. त्या साथीतल्या शवविच्छेदनांचे जपून ठेवलेले नमुने आणि नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. बहुतेक मृत्यूंच्या मुळाशी विषाणूमागून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया होता. विषाणू श्वासनलिकेचं अस्तर खरवडतो, कफ वर ढकलणारे बारीक केस निकामी होतात आणि एरवी नाकाघशात गुमान राहणारे जिवाणू फुप्फुसात उतरतात. पेनिसिलिन तेव्हा नव्हतं. पण प्रतिजैविकं आल्यावरही ही जोडी सुटली नाही. 2009 च्या स्वाइन फ्लूमध्ये अमेरिकेत दगावलेल्या 77 जणांचे नमुने तपासले, त्यांपैकी 22 जणांत जिवाणूंचा संसर्ग सापडला.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी मात्र उलटं घडलं. 26 देशांच्या नोंदींत न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि मेनिंगोकोकस या श्वासातून पसरणाऱ्या जिवाणूंचे गंभीर आजार एकदम खाली आले. लोक दवाखान्यात गेलेच नाहीत म्हणून आकडे पडले, असं कुणी म्हणेल. पण त्याच नोंदींत श्वासातून न पसरणारा एक जिवाणू तुलनेसाठी घेतला होता आणि तो तसा घटला नाही. इस्रायलमध्ये मुलांच्या नाकातला न्यूमोकोकस जवळपास पूर्वीइतकाच होता. फ्लू आणि आरएसव्ही (लहान मुलांच्या छातीत उतरणारा एक विषाणू) मात्र दिसेनासे झाले होते. जिवाणू जागेवरच होता, त्याला आत शिरायला वाट करून देणारा विषाणू तेवढा नव्हता.

टीबीही जिवाणूचाच आजार, पण त्याचं गणित वेगळं आहे. तो महिनोन्‌महिने एकाच छपराखाली राहणाऱ्यांत पसरतो. मास्क रस्त्यावर होता, घरात नव्हता. उपचार न झालेला एक रुग्ण वर्षभरात 10-15 जणांना संसर्ग देऊ शकतो. टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून, गोव्याहून परतलेली माणसं, म्हातारे आईवडील, मुलं अशी सगळी एकाच घरात होती. त्यात खोकला लपवायची पाळी आली. खोकला म्हटलं की स्वॅब, मग शाळेतलं विलगीकरण, मग दारावर चिकटवलेला कागद. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळताना खोकणं ही कायमचीच बाब, त्यामुळे तिथे तो लपवणं सोपंही होतं.

आता ज्या निर्णयावर आजही वाद होतो, त्याकडे येऊ. एप्रिल 2020 मध्ये टीबीचा जंतू त्याच्या जनुकांवरून ओळखणाऱ्या ट्रूनॅट यंत्रांवर कोरोनाची तपासणी करायला परवानगी मिळाली. तशीच सीबीनॅट यंत्रंही त्याच कामाला लागली. ट्रूनॅट हे गोव्यात बनणारं, बॅटरीवर चालणारं, आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावणारं यंत्र. नमुन्यागणिक एक चिप घालायची, साधारण तासाभरात उत्तर. टीबीची चिप वेगळी, कोरोनाची वेगळी, पण खाच तीच आणि चालवणारा तंत्रज्ञही तोच. एकाची रांग लागली की दुसऱ्याची थुंकी डबीतच राहणार.

निर्णयाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. सुरुवातीला बेळगावचे स्वॅब दुसऱ्या जिल्ह्यांत पाठवावे लागत आणि अहवालासाठी खोळंबून राहावं लागे. हाताशी यंत्र असताना ते न वापरणं तेव्हा कुणाला पटलं असतं? केंद्रानं टीबीच्या रुग्णांना महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्यायला सांगितलं होतं, ऑगस्ट 2020 मध्ये टीबी आणि कोरोना दोन्हींची तपासणी जोडीनं करण्याच्या सूचनाही आल्या. कागदावर काही सुटलेलं नव्हतं.

तरीही माझ्या मते यंत्रं ज्या पद्धतीनं वळवली गेली, ते चुकलंच. यंत्र गेलं की उरतो सूक्ष्मदर्शक. थुंकीच्या दर मिलिलिटरमागे 5 ते 10 हजार जंतू असतील तरच काचेवर ते दिसतात, म्हणजे आजार बळावल्यावर. शिवाय रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध लागू पडेल की नाही, हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. औषधाला न जुमानणारा टीबी असेल तर रुग्ण नेहमीच्या गोळ्या गिळत राहतो आणि घरच्यांना तोच हट्टी जंतू देत राहतो. प्रत्येक तालुक्यात एक यंत्र टीबीसाठी राखून ठेवलं असतं, तर कोरोनाची तपासणी बंद पडली नसती. घरोघर फिरणाऱ्या आशाताई आणि टीबीचे कर्मचारीही त्याच वेळी कोरोनाच्या यादीमागे लागले होते, हे नुकसान तर यंत्राहून मोठं.

सीमाभागात यावर हद्दीची भर पडली. इथला माणूस दवाखान्याला जाताना राज्य बघत नाही. अथणी-कागवाडचा मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूर-गडहिंग्लजला, चंदगडचा शिनोळीवरून बेळगावला. पहिल्या टाळेबंदीत पास लागला आणि फेब्रुवारी 2021 पासून हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल. अर्धवट उपचारातल्या रुग्णाला पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणायच्या तर आधी कोरोनाची तपासणी करून घ्यायची, हा उफराटा प्रकार होता. निक्षय ही टीबी रुग्णांची ऑनलाइन नोंदणी 2012 पासून देशभर एकच आहे आणि रुग्णाचं नाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वळवता येतं. पण ते वळवायला दोन्हीकडे कुणीतरी संगणकापुढे बसलेलं लागतं आणि तीच माणसं नाक्यावर तापमान मोजत उभी होती.

प्रतिजैविकांचं थोडक्यात. दवाखान्यात दाखल झालेल्या कोरोना रुग्णांपैकी जगभरात सुमारे 8 टक्क्यांनाच जिवाणूंचा जोडसंसर्ग होता, प्रतिजैविकं मात्र सुमारे 75 टक्क्यांना दिली गेली. भारतात जून ते सप्टेंबर 2020 या काळात एकट्या अझिथ्रोमायसिनचे सुमारे 3 कोटी 80 लाख जादा डोस खपल्याचा अंदाज आहे. कोरोनावर त्याचा उपयोग नाही, हे पुढे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं. टायफॉइडवर तोंडावाटे घेता येणारी जी मोजकी औषधं उरली आहेत, त्यांत ते आहे. एवढ्यासाठी तरी ते जपायला हवं होतं.

निर्बंध उठल्यावर दबलेले आजार परतले. 2022 च्या अखेरीस युरोपात मुलांमध्ये स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचे गंभीर आजार वाढले, त्यानंतर डांग्या खोकलाही. आपल्याकडे न्यूमोकोकसची लस ऑक्टोबर 2021 मध्ये देशभरच्या मोफत लसीकरणात आली, ती वेळेवर आली असंच म्हणायला हवं. टीबीची नोंद 2022 मध्ये 24.2 लाख आणि 2023 मध्ये 25.5 लाखांवर गेली. हा आकडा 2019 पेक्षा मोठा आहे म्हणून आजारच वाढला असं सरसकट म्हणता येत नाही. त्यात मागे राहिलेले रुग्ण आहेत, महामारीत वाढलेली यंत्रं आहेत आणि खासगी दवाखान्यांतून येणाऱ्या नोंदीही आहेत. सीमाभागातल्या एखाद्या तालुक्याचा आकडा घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते : मिरजेत किंवा कोल्हापुरात निदान झालेला अथणीचा, निपाणीचा रुग्ण शेवटी कोणत्या जिल्ह्याच्या खात्यावर मोजला गेला.