कॉलेज फुटबॉलचा स्ट्रेंथ कोच आणि 'ऐच्छिक' या शब्दाचा घोळ

अमेरिकन फुटबॉलच्या (हातात बॉल घेऊन पळायचा तो) कॉलेज टीममध्ये खेळाडूंकडून वजनं उचलून घेणारा, त्यांचा दम वाढवणारा कोच म्हणजे स्ट्रेंथ कोच. त्याची सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगतो. साठच्या दशकापर्यंत अमेरिकेतले बहुतेक कोच पोरांना वजनं उचलू द्यायचे नाहीत, वजनं मारली की अंग जखडतं आणि पळणं मंदावतं अशी पक्की समजूत होती. 1969 ला नेब्रास्का विद्यापीठात पाठ दुखावलेला एक पोल व्हॉल्टर (बांबूच्या आधाराने उंच उडी मारणारा खेळाडू) वेट्स मारायचा, त्याच्यासोबत मारणारे जखमी फुटबॉलर आधीपेक्षा तगडे होऊन परतायला लागले, म्हणून त्याला तासाला 2 डॉलरवर ठेवून घेतलं. हेड कोचने बजावलं होतं की एक जरी पोरगा स्लो झाला तर तुझी नोकरी गेली. 1970 आणि 71 ला नेब्रास्का चॅम्पियन, मग काय, सगळ्यांनाच असा माणूस हवा झाला. 1978 ला या लोकांची संघटना झाली आणि 1981 ला तिच्या नावात 'कंडिशनिंग', म्हणजे दम वाढवणं, हा शब्द आला. काम नुसतं बारबेलचं राहिलं नाही, पोरांना पळवणंही यांच्याकडे आलं, आणि पुढची मोठी भांडणं पळवण्यावरूनच झालीत.

या नोकरीचं वजन वाढलं ते मात्र 'ऐच्छिक' या एका शब्दामुळे. उन्हाळ्यात सराव सक्तीचा करायचा नाही असा नियम होता, म्हणून त्याला ऐच्छिक म्हणायचे. कागदावर अटी अगदी स्पष्ट: खेळाडूने स्वतःहून यायचं, कोचला कळवण्यासाठी हजेरी घ्यायची नाही, नाही आला तर शिक्षा नाही. खेळ शिकवणारे कोच तिथे थांबू शकत नव्हते, स्ट्रेंथ कोच थांबू शकत होता. म्हणजे महिनोन्महिने पोरांच्या डोक्यावर उभा असणारा कोच हाच एक, आणि टीममधली जागा जायची भीती असलेला 19-20 वर्षांचा पोरगा 'मी येत नाही' म्हणणार कसा? मला तरी हा शब्द पहिल्यापासून खोटाच वाटतो.

3 ऑगस्ट 2001 ला शिकागोजवळच्या एका विद्यापीठात असाच ऐच्छिक सराव चालू होता. 100 यार्डांच्या 10 धावा, मग 80 च्या 8, 60 च्या 6, 40 च्या 4, मध्ये विश्रांती अगदी थोडी. दमा असलेला एक खेळाडू कोसळला आणि त्याच दिवशी गेला. त्या सरावाचं व्हिडिओ शूटिंग झालेलं होतं. ऐच्छिक सरावाचं शूटिंग कशाला लागतं? 2005 ला कुटुंबाला 1 कोटी 60 लाख डॉलर देऊन केस मिटली.

नंतर उन्हाळ्यातले आठवड्याचे काही तास उघडपणे सक्तीचे करता येऊ लागले, निदान नाव तरी खरं झालं. कोचला मान्यताप्राप्त सर्टिफिकेट हवं हा नियमही आला. तरी मे 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठात 110 यार्डांच्या धावा मारताना एका 19 वर्षांच्या पोराला उष्माघात झाला, त्याला थंड पाण्यात बुडवायला हवं होतं ते कुणी केलं नाही, आणि दोन आठवड्यांनी तो गेला. स्ट्रेंथ कोचने ऑगस्टमध्ये राजीनामा दिला, हेड कोचला ऑक्टोबरअखेर काढलं.

पगाराचं म्हणाल तर तासाला 2 डॉलरवरून 2020 पर्यंत सगळ्यात जास्त कमावणाऱ्या स्ट्रेंथ कोचचा आकडा वर्षाला 8 लाख डॉलरवर गेला होता. पण नवा हेड कोच आला की बहुतेक वेळा आपला स्ट्रेंथ कोच सोबत घेऊनच येतो, जुन्याला सामान बांधावं लागतं, आणि ज्याची नोकरी अशी हेड कोचच्या हातात आहे त्यानेच 'आजचं पळणं थांबवा' म्हणावं अशी अपेक्षा असते.