नॅनोग्रॅममध्ये मोजलेलं लोकमत

फेब्रुवारी १९९८. जपानमधल्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटीनं स्नोबोर्डिंगचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं आणि तीन दिवसांत ते त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. त्याच्या लघवीत गांजाचा अंश सापडला होता, मिलिलिटरला १७.८ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). मर्यादा १५ची होती. मित्रांच्या धुरामुळे तो अंश आला, असं त्याचं म्हणणं होतं. क्रीडा लवादानं पदक परत दिलं, पण धुराच्या मुद्द्यावर नव्हे. ऑलिम्पिकमध्ये गांजावर बंदी आहे असा स्पष्ट नियमच तेव्हा नव्हता.

आज तोच नमुना प्रयोगशाळेत गेला तर निकाल 'निर्दोष' येईल. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेनं, म्हणजे वाडानं, २०१३मध्ये मर्यादा १५वरून १५० नॅनोग्रॅमवर नेली. मोजमापातली अनिश्चितता धरून प्रयोगशाळा १८०च्या वर गेल्यावरच नमुना दोषी ठरवते. गांजा तोच, यकृत आणि मूत्रपिंडाचं काम तेच. मग रेषा दहापट वर का सरकली? त्यासाठी ती रेषा नेमकं काय मोजते ते आधी पाहू.

गांजाच्या कच्च्या फुलोऱ्यात नशा आणणारं टीएचसी फारच थोडं असतं. तिथे असतं त्याचं आम्लरूप, आणि ते उष्णतेनं टीएचसीत बदलतं. चिलीम पेटवली की हे काम क्षणात होतं. धूर फुप्फुसातून रक्तात जातो आणि रक्तातलं प्रमाण दहाएक मिनिटांच्या आतच शिखर गाठतं. खाण्यातून घेतलं तर रस्ता पोटातून आणि यकृतातून जातो. तिथे टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी टीएचसी होतं, आणि तेही तितकंच किंवा जास्त नशा आणणारं आहे. परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात. कुकी किंवा गमी खाणाऱ्यांची गडबड इथेच होते: 'काहीच होत नाहीये' म्हणून माणूस दुसरी खातो आणि दोन्हींचा परिणाम एकदम अंगावर येतो. छातीत धडधड, घबराट, उलट्या, आणि मग रुग्णालय.

यकृत पुढे या सगळ्याचं कार्बॉक्सी-टीएचसी बनवतं. त्यात नशा अजिबात नाही. खेळाडूच्या लघवीत मोजतात ते हेच. टीएचसी चरबीत विरघळतं. गरम तेलात हळदीचा रंग उतरावा तसं ते शरीरातल्या चरबीत उतरतं आणि तिथून हळूहळू बाहेर पडत राहतं. कधीतरी एखाद्या वेळी ओढणाऱ्याची लघवी, ५० नॅनोग्रॅमची रेषा धरली तर, साधारण तीन-चार दिवसांत स्वच्छ होते. रोज ओढणाऱ्याला त्याच रेषेखाली यायला महिनाही लागू शकतो. १५०ची रेषा त्याआधी ओलांडली जाते, पण किती आधी हे सवय किती जुनी, माल किती तेज आणि अंगात चरबी किती यावर ठरतं. भरपूर पाणी पिऊन सुटू म्हणावं, तर नमुन्याचं विशिष्ट गुरुत्व तिथल्या तिथे तपासतात. ते १.००५पेक्षा कमी, म्हणजे लघवी फार पातळ निघाली, तर दुसरा नमुना देईपर्यंत खेळाडूला थांबवून ठेवतात. घाम गाळून टीएचसी निघून जातं हा समजही चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या प्रयोगात रोज गांजा घेणाऱ्यांना ३५ मिनिटं सायकल मारायला लावली, तेव्हा चरबीतून सुटलेल्या टीएचसीमुळे रक्तातलं प्रमाण उलट किंचित वाढलं. दुसऱ्या एका प्रयोगात २४ तास उपाशी राहिल्यानंही ते कमी झालं नाही.

म्हणजे लघवीतला आकडा 'हा खेळाडू मैदानावर नशेत होता का' या प्रश्नाला थेट उत्तर देत नाही. १५ची रेषा तर आठवड्यापूर्वीच्या पार्टीलाही पकडायची. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमधून अमेरिकेचा जुदोपटू निकोलस डेलपोपोलो घरी पाठवला गेला. आपण अजाणता गांजा घातलेलं बेक केलेलं खाल्लं, असं त्यानं सांगितलं. पुढच्याच वर्षी मर्यादा वाढली. गांजावर बंदी फक्त स्पर्धेच्या काळात आहे, म्हणजे आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपासून नमुना देऊन होईपर्यंत. मग रेषाही शक्यतो त्याच काळातल्या सेवनावर पडावी, हा बदलामागचा विचार. माझ्या मते तो योग्यच होता, आणि पंधरा वर्षं उशिरा झाला.

गांजानं खेळ सुधारतो का? एखादं द्रव्य बंदी यादीत घालायला वाडाच्या तीन निकषांपैकी दोन पुरे असतात: कामगिरी वाढते, आरोग्याला धोका आहे, किंवा खेळभावनेला बाधा येते. पहिल्या निकषावर गांजाचा दावा लंगडा आहे. टीएचसीनं हृदयाचे ठोके मिनिटाला २० ते ५०नं वाढतात, सायकलवर दमेपर्यंतचा वेळ घटतो आणि प्रतिसाद मंदावतो. मेंदूत टीएचसी पेशींवरच्या ज्या सीबी-१ ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटतं, ते हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत आणि ताजी आठवण साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाटीनं असतात. गोलरक्षकाला नेमक्या याच गोष्टी शाबूत हव्या असतात. भीती कमी होते, झोप लागते, म्हणून काही खेळाडू घेतात. पण त्यानं वेळ सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतून मागणी झाल्यावर वाडानं फेरतपासणी केली आणि सप्टेंबर २०२२मध्ये बंदी कायम ठेवली. कारणं दिली आरोग्य आणि खेळभावना. आरोग्याचा मुद्दा प्रयोगशाळेत तपासता येतो. खेळभावना म्हणजे मात्र लोकांच्या मनातली खेळाडूची प्रतिमा, आणि ती दर दशकाला बदलते.

ती कशी बदलली ते दोन प्रसंगांत दिसतं. फेब्रुवारी २००९मध्ये अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सचा बाँगसोबतचा, म्हणजे गांजा ओढायच्या नळीसोबतचा, फोटो एका ब्रिटिश वृत्तपत्रानं छापला. बीजिंगची आठ सुवर्णपदकं जिंकून सहाच महिने झाले होते. तो कुठल्याही चाचणीत दोषी ठरला नव्हता, पोलिसांनी गुन्हाही नोंदवला नाही. तरी अमेरिकन जलतरण संघटनेनं त्याला तीन महिने बाहेर बसवलं आणि त्याची प्रायोजक कंपनी केलॉग्जनं करार पुढे चालू ठेवला नाही. जून २०२१मध्ये धावपटू शाकारी रिचर्डसननं ऑरेगनमधल्या ऑलिम्पिक निवड स्पर्धेत १०० मीटर १०.८६ सेकंदांत जिंकली आणि नमुन्यात टीएचसी सापडलं. जन्मदात्या आईच्या मृत्यूची बातमी तिला नुकतीच एका पत्रकाराकडून कळली होती. ऑरेगनमध्ये प्रौढांना गांजा कायदेशीर आहे. तिला एक महिन्याची बंदी झाली आणि टोकियोची १०० मीटर हुकली. फेल्प्सच्या वेळी खेळाडूनं माफी मागावी अशी अपेक्षा होती. रिचर्डसनच्या वेळी मोठा आवाज उठला तो नियमाविरुद्ध. २०२३मध्ये बुडापेस्टला ती १०.६५ सेकंदांत जगज्जेती झाली.

मधल्या बारा वर्षांत अमेरिकन समाज हलला होता. गांजा कायदेशीर व्हावा का, हा प्रश्न गॅलप ही जनमत चाचणी संस्था १९६९पासून विचारतेय. तेव्हा १२ टक्के लोक 'हो' म्हणाले, २०२३मध्ये ७०. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१२मध्ये मतदानानं परवानगी दिली, कॅनडानं २०१८मध्ये. व्यावसायिक लीगही त्याच मार्गानं गेल्या. बेसबॉलनं २०१९च्या अखेरीस गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, अमेरिकन फुटबॉलनं २०२०च्या करारात मर्यादा ३५वरून १५०वर नेऊन निलंबन थांबवलं, बास्केटबॉलच्या एनबीएनं २०२३मध्ये चाचणीच सोडली. यापैकी कुठल्याही निर्णयाआधी टीएचसीबद्दल नवा शोध लागलेला नव्हता. लोकमत बदललं, खेळाडू संघटनांनी रेटा लावला आणि आकडे हलले.

आता गोव्यात या. इथल्या फुटबॉलपटूच्या, मिरामारच्या आयर्नमॅनसाठी तयारी करणाऱ्या हौशी धावपटूच्या फोनवर ही सगळी बातमी येते आणि तिच्यातून एक घातक समज तयार होतो: 'आता सगळीकडे चालतं.' भारतात चालत नाही. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे रोपाचे फुला-फळांचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. जवळ एक किलोपर्यंत गांजा किंवा १०० ग्रॅमपर्यंत चरस सापडला तर तो 'अल्प प्रमाण', पण त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं सेवन केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुंडीत रोप लावणं ही लागवड, आणि तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. हणजूण-हरमलच्या किनाऱ्यावर काय राजरोस दिसतं यावरून कायदा ठरत नाही.

कित्येक गोमंतकीय घरांत एक भाऊ मडगावात तर दुसरा लिस्बनमध्ये असतो. तिकडून ऐकलेली 'पोर्तुगालमध्ये मोकळीक आहे' ही बातमी अर्धीच आहे. पोर्तुगालनं २००१मध्ये दहा दिवसांपुरता साठा (गांजा असेल तर २५ ग्रॅम) जवळ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. असा माणूस तुरुंगात जात नाही, समुपदेशन समितीपुढे जातो. विक्री तिथेही गुन्हाच आहे. कॅनडात मात्र परवानाधारक दुकानातून माल मिळतो. गुन्हा न मानणं आणि कायदेशीर बाजार उघडणं यांत मोठं अंतर आहे, आणि औषधासाठी परवानगी ही तिसरीच गोष्ट. २०२०च्या डिसेंबरात गोव्यात औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव विधी खात्यानं तपासल्याची बातमी आली, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकाच पातेल्यात ढवळल्या गेल्या आणि विषय गदारोळात गुंडाळला गेला. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळण्याच्या बाजूनं भारतानं मत दिलं होतं, हे त्या गोंगाटात फारसं कोणी बोललं नाही. औषधी उपयोगावर नीट चर्चा व्हायला हवी होती. ती राहिली याचं वाईट वाटतं.

आपल्याकडचा सर्वांत फसवा भाग म्हणजे भांग. कायद्याच्या व्याख्येत शेंड्यांशिवायची नुसती पानं येत नाहीत, म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या अबकारी नियमांवर चालतो. एम्सच्या २०१९मधल्या राष्ट्रीय पाहणीत वर्षभरात भांग घेतलेले सुमारे २ टक्के तर गांजा-चरस घेतलेले १.२ टक्के निघाले. पण पानांतही टीएचसी असतंच. महाशिवरात्रीची थंडाई आणि हणजूणची चिलीम यांत दिल्लीच्या राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेचा मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे नमुन्यातले रेणू ओळखणारं यंत्र, काहीही फरक करत नाही. तसंच आयुर्वेदिक दुकानातल्या तेलाचं. लेबलवर 'विजया' असेल तर ती भांगेचीच पानं. सीबीडीवर, म्हणजे गांजातल्या नशा न आणणाऱ्या द्रव्यावर, वाडाची २०१८पासून बंदी नाही, पण ती सूट एकट्या सीबीडीला आहे. पानांच्या अर्कात सीबीडीसोबत टीएचसीही उतरतं, आणि बाटलीवर छापलेलं प्रमाण प्रत्यक्षात तेवढंच असेल याची हमी नसते. स्पर्धा जवळ असलेल्या खेळाडूनं अशी बाटली उघडूच नये. नमुना देताना अर्जावर औषधांची नोंद करतात, तिथे तेलाचं नाव लिहिल्यानं सूट मिळत नाही. उपचारासाठी सूट हवी तर रीतसर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते.

शेजारच्या टेबलावरच्या धुराची भीती मात्र सोडून द्यावी. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगात न ओढणाऱ्यांना ओढणाऱ्यांसोबत बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत तासभर बसवलं. काहींच्या लघवीनं पुढच्या काही तासांत २०ची रेषा ओलांडली, एखाद्यानं ५०ची. रेबाग्लियाटीचे १७.८ नॅनोग्रॅम धुरातून येणं अशक्य नव्हतं. समुद्राच्या वाऱ्यात बसून १८०वर जाणं शक्य नाही, त्यामुळे ती सबब चालत नाही.

आणि खेळाडू सापडलाच तर? नमुना किमान ९० मिलिलिटर घेतात, अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर, आणि खेळाडू स्वतः तो 'अ' आणि 'ब' बाटल्यांत ओतून सील करतो. 'अ' दोषी आली तर 'ब' उघडण्याची मागणी करता येते. वाडाच्या २०२१च्या संहितेत टीएचसी 'गैरवापराचं द्रव्य' या गटात आहे. सेवन स्पर्धेबाहेर झालं आणि खेळाशी त्याचा संबंध नव्हता, हे खेळाडूनं सिद्ध केलं तर बंदी तीन महिन्यांची. मान्यताप्राप्त उपचार कार्यक्रम पूर्ण केला तर एका महिन्याची. सिद्ध करता आलं नाही तर प्रकरण दोन वर्षांपर्यंत, हेतुपुरस्सर ठरलं तर चारपर्यंत जाऊ शकतं. म्हणून नोटीस हातात पडल्यावर गप्प बसणं सर्वांत महाग पडतं. कधी, किती, कशातून घेतलं हे पहिल्याच उत्तरात तारखेनिशी लिहावं. सवय सुटत नसेल तर स्पर्धेची वाट न पाहता १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर फोन करावा. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलम एनडीपीएस कायद्यात आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं.