विरलीकरणाचे गणित

संहत (दाट) द्रावणात द्रावक मिसळून हवी तेवढी कमी संहती, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे कमी प्रमाण, मिळवणे म्हणजे विरलीकरण. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा द्रावक बहुधा ऊर्ध्वपातित पाणी असतो. मूळ द्रावण किती घ्यायचे आणि ते किती आकारमानापर्यंत वाढवायचे, याचा हिशेब अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात येतो. तो व्यस्त त्रैराशिकाहून अवघड नाही, तरीही हुशार मुलांचे गुण इथे हमखास जातात.

हिशेबाचा आधार एकच आहे : पाणी कितीही घातले तरी द्राव्याचे (विरघळलेल्या पदार्थाचे) मोल, म्हणजे कण मोजण्याचे रसायनशास्त्रातले एकक, तेवढेच राहतात. मोलॅरिटीला, म्हणजे एका लिटर द्रावणातल्या मोलांच्या संख्येला, लिटरमधल्या आकारमानाने गुणले की मोल मिळतात. म्हणून मूळ संहती × मूळ आकारमान = नवी संहती × नवे आकारमान. दोन्ही बाजूंना एकच एकक असले की झाले. मिलिलिटरचे लिटर करत बसण्याची गरज नसते.

गफलत होते ती ‘नवे आकारमान’ या शब्दांपाशी. एका आम्लाचे १ मोलर (लिटरला एक मोल) द्रावण ५० मिली आहे आणि ते ०.२ मोलर करायचे आहे. सूत्रातून २५० मिली येते. हे एकूण द्रावण आहे. घालायचे पाणी सुमारे २०० मिलीच. परीक्षेत ‘किती पाणी घालावे?’ असे विचारले की पर्यायांमध्ये २०० आणि २५० दोन्ही बसवलेले असतात, आणि घाईत २५० वर खूण होते. कागदावर एक गुण जातो. प्रयोगात २५० मिली पाणी ओतले तर द्रावण ३०० मिली होऊन संहती सुमारे ०.१६७ मोलरवर येते. ते आम्ल एकआम्लारी (एका रेणूमागे एकच हायड्रोजन आयन देणारे) असेल, आणि ब्युरेट या खुणांच्या तोटीच्या नळीत भरून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलीचे अनुमापन केले, म्हणजे ते उदासीन करायला किती आम्ल लागते ते मोजले, तर ५ मिलीऐवजी ६ मिली वाचन मिळते.

प्रयोगशाळेत मात्र ‘२०० मिली पाणी घाला’ असेही करत नाहीत. वेगवेगळे द्रव मिसळताना आकारमानांची बेरीज नेहमी बरोबर येतेच असे नाही : ५० मिली पाणी आणि ५० मिली इथेनॉल मिळून १०० मिली भरत नाही, ९६-९७ मिलीच्या आसपासच भरते. म्हणून मूळ द्रावण पिपेटने (ठरावीक आकारमान मोजणाऱ्या काचेच्या नळीने) मोजून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये, म्हणजे मानेवर एकच खूण असलेल्या चंबूत, सोडायचे आणि मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे. पाण्याच्या वक्र पृष्ठाचा तळ खुणेला टेकला पाहिजे, आणि तो डोळ्याच्या पातळीवर धरून बघायचा. शेवटचे काही थेंब ड्रॉपरने.

भांडी धुण्याचे नियम मुले पाठ करतात, पण तेही मोलांच्याच हिशेबातून निघतात. पिपेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच आधी खंगाळतात, नाहीतर आत राहिलेले पाणी त्याला पातळ करते. फ्लास्क मात्र फक्त पाण्याने धुवायचा. तो द्रावणाने खंगाळला तर हिशेबाबाहेरचे मोल आत शिरतात. अनुमापनाच्या शंक्वाकृती चंबूत पाणी राहिले तरी बिघडत नाही, कारण पिपेटने टाकलेले मोल तेवढेच असतात.

बाटलीवर अनेकदा मोलॅरिटी नसतेच. संहत हायड्रोक्लोरिक आम्लावर ‘३७ टक्के, घनता १.१९’ एवढेच असते. एका लिटरचे वस्तुमान ११९० ग्रॅम, त्यात आम्ल सुमारे ४४० ग्रॅम, याला त्याच्या एका मोलच्या वस्तुमानाने, ३६.५ ग्रॅमने, भागले की जवळजवळ १२ मोलर. यापासून ०.१ मोलरचे २५० मिली करायला जेमतेम २.१ मिली आम्ल लागते. सल्फ्युरिक आम्ल साधारण १८ मोलर असते. ते पाण्यात हळूहळू, ढवळत ओतायचे. आम्लात पाणी कधीच नाही, कारण सुटणाऱ्या उष्णतेने पाणी उकळून आम्ल अंगावर उडते. ते द्रावण थंड झाल्यावरच खुणेपर्यंत भरतात, कारण गरम द्रावणाचे आकारमान वाढलेले असते आणि फ्लास्कची खूण ठरावीक तापमानालाच बरोबर असते. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच फ्लास्कवर २७° से. छापलेले असते ते याचसाठी.

फार कमी संहती एका दमात करता येत नाही, कारण घ्यायचा थेंब पिपेटने मोजण्याइतका उरत नाही. मग टप्प्याटप्प्याने : १० मिलीचे १०० मिली, त्यातले पुन्हा १० मिलीचे १००. दोन टप्प्यांत शंभरपट, तीन टप्प्यांत हजारपट. (होमिओपॅथीच्या ‘३० सी’मध्ये शंभरपटीचे तीस टप्पे असतात, एका मोलपासून सुरुवात केली तरी बाराव्या टप्प्यालाच मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची खात्री संपते.)

तीव्र आम्ल दहापट विरल केले की सामू (pH, आम्लतेचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी) १ ने वाढतो, हेही याच धड्यातले. पण ०.०००००००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू त्याच रीतीने काढला तर ८ येतो, म्हणजे आम्ल चक्क आम्लारिधर्मी ठरते. इथे आम्लापेक्षा पाण्याच्या स्वतःच्या विघटनातून येणारे हायड्रोजन आयन जास्त असतात. ते हिशेबात धरले की उत्तर ६.९८ येते.