माहीत करून न घेण्याची किंमत

सप्टेंबर २००३मध्ये दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी एका अमेरिकी वर्तमानपत्राला सांगितलं, की एड्सने मेलेला एकही माणूस आपल्या ओळखीत नाही. त्या वेळी त्यांच्या देशात एचआयव्हीची लागण झालेले लोक पन्नास लाखांच्या घरात होते.

हे अडाण्याचं बोलणं नव्हतं. एम्बेकींनी ससेक्स विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली होती, वाचन दांडगं होतं. पण एड्सच्या बाबतीत त्यांनी जगभरातले संशोधक बाजूला ठेवले आणि ‘एचआयव्हीमुळे एड्स होत नाही’ म्हणणाऱ्या मूठभर मंडळींचं लिखाण पसंत केलं. मे २०००मध्ये नेमलेल्या सल्लागार समितीत अशा मंडळींना मानाने बसवलं. जुलैमध्ये डर्बनला आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली, तेव्हा पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी ‘एड्सचं कारण एचआयव्हीच’ असं जाहीरनाम्यावर सही करून सांगितलं. राष्ट्राध्यक्ष परिषदेच्या उद्घाटनात गरिबीवर बोलले.

माणूस असं का करतो? २००७ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग इथे उपयोगी पडतो. सहभागी माणसापुढे दोन पर्याय ठेवले: एकात स्वतःला ६ डॉलर आणि समोरच्या अनोळखी माणसाला १, दुसऱ्यात दोघांनाही ५. सगळं उघड दिसत असताना ७४ टक्के लोकांनी समान वाटणी निवडली. मग समोरच्याला किती मिळणार ते झाकलं. आपला फायदा होताना त्याचं नुकसानच होईल असंही आता नक्की नव्हतं. एक बटण दाबलं की आकडा कळणार, तोही फुकटात. तरी ४४ टक्के लोकांनी बटण दाबलंच नाही. न्यायाने वागायची हौस फिटावी आणि खिशालाही तोशीस लागू नये, यासाठी अज्ञान फार सोयीचं असतं.

नेत्याच्या बाबतीत पणाला लागतात ती प्रतिष्ठा, जुनी मतं आणि आपल्या माणसांची निष्ठा. डेन्मार्कमध्ये ९५४ लोकप्रतिनिधींवर झालेला अभ्यास तर अस्वस्थ करणारा आहे. त्यांना काही आकडे देऊन अर्थ लावायला सांगितला. आकडे मतांविरुद्ध जात होते तेव्हा वाचण्यात चुका वाढल्या. जास्त पुरावे दिले की पूर्वग्रह सैल पडतील, असा संशोधकांचा अंदाज होता. झालं उलटं: पुरावे वाढले तशी पूर्वग्रहाची पकडही वाढली. ‘साहेबांना नीट समजावून सांगितलं तर पटेल’ हा सल्लागारांचा भाबडा विश्वास इथेच आपटतो.

एम्बेकींच्या संशयाला काहीच आधार नव्हता, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. वर्णद्वेषी राजवटीने रासायनिक आणि जैविक अस्त्रांचा गुप्त कार्यक्रम चालवला होता. १९९८मध्ये ३९ औषध कंपन्या आणि त्यांची संघटना औषधं स्वस्त करू पाहणाऱ्या देशाच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेली होती. पाश्चात्त्य जग आफ्रिकी माणसाच्या लैंगिकतेबद्दल काय बोलत आलं होतं, तेही त्यांना पाठ होतं. घाव खरे होते, पण त्यांनी विषाणूचं अस्तित्व खोटं ठरत नव्हतं.

आता गोष्ट एका गोळीची. नेव्हिरापिन: आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायचं औषध. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की आईला २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला एक डोस, बस्स. युगांडातल्या चाचणीचे निष्कर्ष १९९९मध्ये आले: एझेडटी या आधीच्या एचआयव्हीविरोधी औषधाचा छोटा कोर्स दिलेल्या गटात साधारण चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत २५ टक्के बाळांना लागण झाली, नेव्हिरापिनच्या गटात १३ टक्के. जुलै २०००मध्ये उत्पादक कंपनीने हे औषध पाच वर्षं फुकट द्यायची तयारी दाखवली. सरकारने काय केलं? प्रत्येक प्रांतात दोन, अशी देशभर १८ प्रायोगिक केंद्रं ठरवली. इतर सरकारी दवाखान्यांत डॉक्टरने ती गोळी द्यायची नाही. खासगी डॉक्टर मात्र तीच गोळी राजरोस लिहून देत होते.

सरकारने ‘नाही’ म्हटलं नव्हतं. आणखी अभ्यास हवा, सुरक्षितता तपासू, विषाणू औषधाला दाद देईनासा झाला तर? प्रत्येक प्रश्न वरवर शास्त्रीय वाटतो, शेवटचा तर खराच होता. पण उत्तर ऐकायचंच नसलं की प्रश्नसुद्धा वेळकाढूपणाचं हत्यार होतो.

वरिष्ठाने डोळे मिटले की खालच्यांना काय दिसू नये, हे त्यांना न सांगता कळतं. २००१ साली एम्बेकींनी आरोग्यमंत्र्यांना पत्र लिहून १९९५ची मृत्यूंची आकडेवारी पुढे केली आणि आरोग्य खर्चाचा प्राधान्यक्रम तपासायला सांगितला. ज्या रोगाचा प्रसार वर्षागणिक झपाट्याने वाढत होता, त्याच्यासाठी सहा वर्षांपूर्वीचे आकडे! त्याच सुमाराला देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा अहवाल तयार होता: २०००मध्ये १५ ते ४९ वयाच्या लोकांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के एड्समुळे. सरकारने तो लांबवायचा प्रयत्न केला, वर्तमानपत्रांनी तो फोडला. म्पुमलंगा प्रांतात एका सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांनी बलात्कार पीडितांना एचआयव्हीविरोधी औषधं देणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला आवारात काम करू दिलं, म्हणून त्यांची नोकरी गेली. आरोग्यमंत्री मांतो त्शाबालाला-म्सिमांग लसूण, बीट आणि लिंबाचे गुण सांगत राहिल्या. २००६च्या टोरांटो परिषदेत देशाच्या दालनात हेच मांडलं होतं.

न दिलेल्या औषधाने किती माणसं गेली, हे मोजायचं कसं? हार्वर्डच्या संशोधकांनी २००८मध्ये एक वाट काढली. शेजारच्या बोत्स्वाना आणि नामिबियाने काय साधलं ते पाहून त्यांनी दक्षिण आफ्रिकेसाठी बेताची अपेक्षा धरली: २०००मध्ये गरजूंपैकी ५ टक्क्यांना उपचार, २००५पर्यंत ५० टक्क्यांना. प्रत्यक्षात २००५मध्ये मजल २३ टक्क्यांपर्यंतच गेली होती. या फरकातून त्यांनी हिशेब मांडला: टाळता आले असते असे ३ लाख ३० हजारांहून अधिक मृत्यू, आणि लागण घेऊनच आलेली ३५ हजार बाळं. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. गृहीतकं कमी-जास्त केली तर आकडा हलेल, पण नगण्य होणार नाही.

मग कोंडी फुटली कुठे? राष्ट्राध्यक्षांचं मन वळवून नव्हे. ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही रुग्णांची आणि कार्यकर्त्यांची संघटना कोर्टात गेली. ५ जुलै २००२ला तिथल्या संविधान न्यायालयाने एकमताने निकाल दिला. एड्सबद्दल कोण काय मानतो, याच्याशी न्यायाधीशांना कर्तव्य नव्हतं. त्यांनी सरकारला विचारलं, की औषधाला देशात मंजुरी आहे, जागतिक आरोग्य संघटना ते सुचवते, तर १८ केंद्रांबाहेर बंदी कशाच्या आधारावर? आधार निघाला नाही. बंदी उठवायचा आदेश झाला. अंमलबजावणी पुढेही रखडतच झाली, आणि प्रौढ रुग्णांच्या उपचारांची योजना मंजूर व्हायला नोव्हेंबर २००३ उजाडला.

सप्टेंबर २००८मध्ये एम्बेकी पायउतार झाले. नव्या आरोग्यमंत्री बार्बरा होगन यांनी महिन्याभरात जाहीरपणे सांगितलं, की एचआयव्हीमुळेच एड्स होतो. त्यानंतर औषधं सुधारली, पैसा वाढला आणि वरून अडवणारं कुणी उरलं नाही. आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचं प्रमाण, जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या चाचणीनुसार, २०१०मध्ये ३.५ टक्के होतं आणि २०११मध्ये २.७. एम्बेकींनी २०१६मध्ये पुन्हा एक लेख लिहून आपल्या भूमिकेचं समर्थन केलं.