मृत्युपत्र, ट्रस्ट आणि 'वडिलोपार्जित' शब्दाचा घोळ : थोडी पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुठल्याही घरात मृत्युपत्राचा विषय निघाला की दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी म्हणतंच, 'पण जमीन वडिलोपार्जित हाय न्हवं', आणि तिथंच गाडी अडते. दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करायची सक्ती नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. भांडणं त्यावर होत नाहीत, जे लिहून दिलं ते द्यायचा त्या माणसाला मुळात अधिकार होता का यावर होतात.

पूर्वी आपल्याकडं मृत्युपत्राची फारशी गरजच नसायची. एकत्र कुटुंबातला पुरुष गेला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांत जिरायचा, मुलगा नसला तर दत्तक घ्यायचे, कोल्हापूरची गादीसुद्धा १८८४ ला कागलहून आलेल्या दत्तकानंच पुढं चालली. इंग्रजांचा १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांपुरता होता, १९२५ चा वारसा कायदा नंतर आला, आणि १९४९ च्या मार्चमध्ये विलीन होईपर्यंत आपण संस्थानात, म्हणजे हे कायदे इथं थेट लागू नव्हते. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घ्यायची, सक्ती मुंबईला होती, इथंच केलेल्या आणि इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला कधीच नव्हती. मुंबईची सक्तीही २०२५ च्या डिसेंबरमध्ये गेली. तरी मुंबईतला भाऊ फोनवर 'आधी प्रोबेट आण' म्हणतो आणि इथं कागद कपाटात पडून राहतात.

खरा बदल १७ जून १९५६ चा. हिंदू वारसा कायद्यानं एकत्र कुटुंबातल्या माणसाला आपल्या अविभक्त हिश्श्याचंही मृत्युपत्र करता येईल असं ठरवलं, त्याआधी ते करता येत नव्हतं. (जैन, बौद्ध, शीख घरांनाही हाच कायदा. मुस्लिम घरात वारसांची संमती नसेल तर साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, तो हिशोबच वेगळा.) आणि याच कायद्यातून 'वडिलोपार्जित' चा घोळ सुरू झाला. आपण बोलताना वडिलांकडून आलेलं सगळंच वडिलोपार्जित म्हणतो. कायदा म्हणतो, १९५६ च्या आधी वडील, आजोबा किंवा पणजोबांकडून वारसानं आलं असेल तर ते वडिलोपार्जित, त्यात मुलाचा जन्मापासून हक्क. पण वडिलांची स्वतःची मिळकत त्यांच्या माघारी १९५६ नंतर वारसानं आली तर ती घेणाऱ्याची स्वतंत्र, १९८६ ला सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं, आणि तिचं मृत्युपत्र त्यानं कुणालाही करावं. सातबाऱ्यावर दोन्ही जमिनी सारख्याच दिसतात हो! फरक कळतो तो जुन्या वारस फेरफारात, म्हणजे वारसांची नावं चढवल्याच्या तलाठ्याकडच्या नोंदीत, तिथली मयताची तारीख बघितली तरच.

आमच्या आजोळचंच सांगतो. सात एकरातले साडेचार एकर पणजोबांचे, ते १९४३ ला वारले. उरलेले अडीच आजोबांनी १९६८ ला खरेदी केले. १९९८ ला आजोबांनी हिरव्या लेजर पेपरवर सगळं मामांच्या नावे लिहिलं, साक्षीला शेजारी आणि किराणावाले, आज दोघंही हयात नाहीत, त्यामुळं त्यांच्यातल्या एकाचं तरी हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधावा लागला. कागद खराच निघाला. पण साडेचार एकरात तो फक्त आजोबांच्या हिश्श्यापुरता चालतो, आणि अडीच एकराचे पैसे त्याच साडेचार एकरातल्या उसाच्या बिलातून आले असतील तर तीही एकत्रचीच, असं आमच्या वकिलांचं म्हणणं.

त्यात लेकींचा प्रश्न. महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, २२ जून १९९४ ला मुलींना जन्मानं हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. आईचं लग्न १९८८ चं, मावशीचं १९९६ चं, एकाच घरातल्या दोन लेकी आणि हक्क एकीलाच! ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. मग २०१५ ला निकाल आला की त्या दिवशी वडील जिवंत पाहिजेत, आजोबा तर २००१ लाच गेलेले. ११ ऑगस्ट २०२० ला तीही अट गेली. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूम झाला असेल तर तो कायम राहतो. तोंडी वाटणी सहसा धरत नाहीत, अपवाद सरकारी कागदाच्या भक्कम आधाराचा, आणि नुसता तलाठ्याकडचा फेरफार हा तसा आधार होतो का यावर गावोगाव दावे चालू आहेत. माझ्या मते २०२० चा निकाल फार आधी यायला पाहिजे होता. दहाव्याला आलेल्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतलेल्या मी स्वतः बघितल्यात, आणि आता तीच माणसं 'मृत्युपत्र करून टाकूया, लेकींचा त्रास नको' म्हणतात.

ट्रस्ट म्हटलं की इथं लोकांना शाळा नाहीतर देवस्थान आठवतं. तो सार्वजनिक न्यास, १९५० च्या कायद्याचा, धर्मादाय कार्यालयात नोंदवायचा. घरचा खासगी ट्रस्ट १८८२ च्या कायद्याचा, जमीन-घर त्यात घालायचं तर रजिस्टर दस्त लागतो किंवा मृत्युपत्रातूनच तो करावा लागतो. १९५३ ते १९८५ वारसाकर होता, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेलेला, तेव्हा पैसेवाल्या घरांनी कर वाचवायला ट्रस्ट केले. १९७० नंतर सरकारनं, कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांवर सोडणाऱ्या ट्रस्टांना चढा दर लावला, म्हणून ते मागं पडले. आता चौकशी करतात ते बहुतेक मतिमंद किंवा अपंग मुलाचे आईबाप, आपल्यामागं त्याचं औषधपाणी कोण बघणार म्हणून. त्यातही ट्रस्टमध्ये घालायची जमीन वडिलोपार्जित असली की प्रश्न परत तोच.

आमचा दावा दुसऱ्या अपिलात आहे. आधी असल्या अपिलाला मुंबई गाठावी लागायची, २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं. मावशी गावाहून सकाळच्या एसटीनं येते, पिशवीत १९४३ च्या फेरफाराची नक्कल असते.