अत्तर : त्वचेवरचा वास आणि त्याचं बदलणं

अत्तर : फुलं, मुळं, लाकूड, मसाले किंवा नुसती भाजलेली माती पाण्यात उकळून, तिच्या वाफेबरोबर आलेला वास तेलात, मूळ पद्धतीत चंदनाच्या तेलात, धरून ठेवलेला सुगंध. यात अल्कोहोल नसतं, हा बाजारातल्या स्प्रेपासूनचा मुख्य फरक. कसं लावायचं ते इथे सांगत बसत नाही, कानाच्या पाळीतला फाया आणि लग्नात पालथ्या हातावर फिरवलेली काडी सगळ्यांनी पाहिलीये. एकच अत्तर सकाळी एक वास देतं, दुपारी दुसरा, आणि शेजारच्याच्या हातावर तिसराच, असं का होतं हे बघायचं, पण त्यासाठी आधी ते कशात उतरवलेलं असतं हे कळायला हवं, आणि ते कधीपासून तसं उतरवतात यावर तर बराच वाद आहे.

शब्द : अरबी ‘इत्र’ हिंदीत तसाच राहिला आणि मराठीत अत्तर झाला. अरबीत ‘अत्तार’ म्हणजे सुगंध आणि औषधी जडीबुटी विकणारा माणूस. आपल्याकडे अत्तार हे आडनाव आहे, आज धंदा कुठलाही असो. ‘रूह’ म्हणजे चंदनात न उतरवलेलं निव्वळ तेल (रूह गुलाब, रूह खस), आणि ‘फुलेल’ म्हणजे तिळांना फुलांचा वास लावून मग ते गाळून काढलेलं तेल. दुकानात हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळतात, अंगावर मात्र ही तीन अगदी वेगळी वागतात.

उगम : लोकप्रिय गोष्ट अशी की अत्तर नूरजहाँने शोधलं. खुद्द जहांगीराच्या आठवणींत श्रेय तिच्या आईला, अस्मत बेगमला दिलंय. गुलाबपाणी गरम असताना वर जी साय धरते ती तिने थोडी थोडी जमवली, आणि अकबराची पत्नी सलीमा सुलतान बेगम हिने त्याला ‘इत्र-इ-जहांगिरी’ नाव दिलं. म्हणजे ही गोष्ट फार तर गुलाबाच्या तेलाची आहे, सगळ्या अत्तरांची नाही, आणि त्याच्याही आधी आईन-इ-अकबरीत सुगंधांची यादी भावांसकट दिलेली आहेच. सुगंधासाठी ऊर्ध्वपातन (वाफ गार करून थेंब गोळा करणं) अरबी-फारसी जगात नवव्या शतकापासून तरी चांगलं माहीत होतं, अल-किंदी या अरब विद्वानाच्या नावावर त्याच्या कृती आहेत.

दुसरं टोक म्हणजे हे सगळं इथलंच, अरबांच्या कितीतरी आधीचं. त्याला आधार आजच्या पाकिस्तानातल्या तक्षशिला आणि चारसद्द्याजवळच्या शैखान ढेरीला सापडलेल्या मातीच्या भांड्यांचा. पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये त्यावरून भारत हेच ऊर्ध्वपातनाचं जुनं घर असावं असं मांडलं, आणि त्या भांड्यांची रचना (एक उकळायचं, एक पाण्यात ठेवून गार करायचं, मध्ये नळी) आजच्या कनौजच्या भट्टीशी जुळते हे खरंच आहे. पण ऑल्चिन यांचा रोख मुख्यतः दारूवर होता. भांडं सापडणं वेगळं आणि त्यात फुलं उकळली गेली हे सिद्ध होणं वेगळं, त्यामुळे इथे जरा हात राखलेलाच बरा.

संस्कृत ग्रंथ बघितले तर चित्र तिसरंच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावं शतक) गंधयुक्तीचं, म्हणजे सुगंध बनवण्याचं, प्रकरण आहे, तिथे सोळा द्रव्यांतून चार चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात असा चक्क हिशोब केलाय, आणि तो बरोबर आहे, कागदावर करून बघा. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात (साधारण ११३०) राजाने अंगाला काय लावावं याचं वर्णन आहे. पण मराठी वाचकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा पुरावा पुण्यात निघाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच हस्तलिखितातला अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ उजेडात आणला, आणि या गंधवादावर मराठी टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं विवेचन, आहे! गोड्यांच्या मते ही टीका साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानची, गंधसाराचा काळ त्यांनी त्याहून सैल, १२०० ते १६०० असा ठेवला. पुढे बडोद्याहून १९८९ मध्ये दोन्ही छापले गेले. म्हणजे मुघल दरबारातली ती गुलाबाची साय जमायच्या आधीच कुणीतरी मराठीत बसून सुगंधाची कृती समजावून सांगत होतं, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

गंधसारात सहा क्रिया सांगितल्यात : भावन (भिजवणं), पाचन (शिजवणं), बोध (वास जागा करणं), वेध (भेदून भिनवणं), धूपन (धुरी) आणि वासन (फुलांचा वास लावणं). पाचनाचेही पुटपाक (गुंडाळून), गर्तपाक (खड्ड्यात), वेणुपाक (बांबूत) असे प्रकार येतात. पण वाफ गार करून थेंब गोळा करणं ही स्वतंत्र क्रिया या सहांत नाही. त्यावरून जुनी सुगंधी तेलं बहुतेक फुलेलाच्या जातीची असावीत आणि चंदनात वाफ उतरवायची पद्धत नंतर, बाहेरून आलेल्या ज्ञानाची आणि इथल्या चंदनाची गाठ पडून, बसली असावी हे मत जास्त पटतं. त्वचेच्या दृष्टीने हा वाद नुसता पंडिती नाही. तिळाचं तेल हवेवर हळूहळू खवट होतं आणि तो खवटपणा वासात येतो, चंदनाचं तेल स्वतःच वास धरून बसतं.

कृती : उत्तर प्रदेशातल्या कनौजची पद्धत प्रमाण मानतात, तिथल्या अत्तराला भौगोलिक मानांकनही आहे. तांब्याची डेग (मोठं भांडं), तिच्यात फुलं आणि पाणी, झाकण चिकणमाती-कापसाने लिंपलेलं, तिथून दोरी गुंडाळलेला बांबूचा चोंगा (नळी), आणि तो पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात (वाफ गोळा करायच्या भांड्यात) जातो ज्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ तेलावर येऊन थंड होते, वास तेल घेतं, पाणी खाली राहतं, ते काढून पुन्हा डेगेत घालायचं आणि दुसऱ्या दिवशी नवी फुलं. असं कित्येक दिवस तेच तेल फुलांवर फुलं पीत राहतं. थर्मामीटर नाही, भपक्याला हात लावून कारागीर सांगतो की आता आच कमी करा.

त्वचेवर काय होतं : अत्तर म्हणजे उडून जायची घाई वेगवेगळी असलेल्या रेणूंची गर्दी. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन १७६ अंशांना उकळतं, लिनालूल १९८ च्या आसपास, गुलाबातलं फिनाईल-एथिल अल्कोहोल २२० च्या आसपास, आणि चंदनातली सँटॅलॉलं ३०० च्या घरात. त्वचा ३२-३४ अंशांची, तिथे काहीच उकळत नाही, पण उडून जायचा क्रम साधारण हाच राहतो. म्हणून आधी हलकं, मग फूल, शेवटी लाकूड-मूळ. स्प्रेमध्ये अल्कोहोल भुर्रकन उडतं आणि पहिला वास खोलीभर फेकला जातो, अत्तरात तसला फेकणारा कुणी नाही, त्यामुळे ते अंगाजवळ राहतं आणि जवळ येणाऱ्यालाच कळतं.

चंदनाचं काम इथे दुहेरी आहे. एक म्हणजे त्याचा स्वतःचा वास, दुसरं म्हणजे लगाम. मिश्रणात एखाद्या द्रव्याचा वाटा जितका कमी तितका त्याचा बाष्पदाब (वाफ होऊन उडून जायचा जोर) कमी, हा राऊल्टचा नियम, आणि जड सँटॅलॉलांच्या गर्दीत अडकलेलं गुलाबाचं हलकं द्रव्य त्यामुळे सावकाश निसटतं. म्हणजे ‘चंदन वास धरून ठेवतं’ हे जे अत्तरवाले म्हणतात त्यात रसायन आहे, नुसतं मालाचं कौतुक नाही. चंदन महाग झाल्यापासून मात्र पुष्कळ माल लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी नावाच्या द्रवात उतरवला जातो. या द्रवांना स्वतःचा वासच नाही, त्यामुळे फूल संपलं की खाली काही उरत नाही, हातावर नुसता तेलकट डाग आणि मनात पैसे गेल्याची भावना. आम्ही एकदा हौसेने तोळाभर ‘चंदनी गुलाब’ घेतला होता (तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, दुकानात १२ मिली धरतात), दोन तासांनी हात हुंगला तर काहीच नाही, अत्तराचे दिवे लावायची हौस तिथेच फिटली.

गुलाबात एक गंमत आहे. फिनाईल-एथिल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून निव्वळ तेल काढलं तर ते बरंचसं गुलाबपाण्यात निघून जातं. चंदनात उतरवताना पाणी पुन्हा पुन्हा डेगेत जातं आणि तेलाला ते पकडायची परत परत संधी मिळते. शिवाय गुलाबात बीटा-डॅमॅसिनोन नावाचं द्रव्य अगदी नगण्य असतं पण वासात त्याचा वाटा फार मोठा, म्हणजे टक्केवारीवरून वास ओळखता येत नाही.

मोगरा-चमेलीत इंडोल नावाचं द्रव्य येतं. ते दाट असेल तर डांबरगोळीसारखं, नव्हे त्याहूनही वाईट, आणि पातळ झालं की फूल. म्हणून चमेलीचं अत्तर लावल्या लावल्या नाक मुरडलं जातं आणि अर्ध्या तासाने तोच माणूस हात परत परत हुंगतो. ऊदचंही तसंच. आसामातल्या अगरूच्या झाडाला बुरशी लागून जे काळं लाकूड होतं त्याचं तेल सुरुवातीला गोठ्याची आठवण देतं आणि मग गोड, धुरकट होत जातं, घाई करणाऱ्याने ते विकत घेऊच नये. केवड्यात बहुतांश एकच द्रव्य, फिनाईल-एथिल मिथाईल ईथर, त्यामुळे तो फारसा बदलत नाही, जोरात येतो आणि तसाच ओसरतो. ओडिशातल्या गंजामचा केवडा नावाजलेला.

वाळा म्हणजे खस. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्याचं तेल जाड, काकवीसारखं, पहिल्या मिनिटाला हिरवं गार वाटतं आणि मग खाली मुळांचा, ओल्या मातीचा वास तासन् तास चालू राहतो. तांब्याच्या डेगेमुळे रूह खसला हिरवट रंग येतो. हिन्याबद्दल मात्र गोंधळ आहे. मेंदीच्या फुलांचं ते गुल-हिना, आणि नुसता ‘हिना’ किंवा शमामा म्हणजे जटामांसी, नागरमोथा, कचोरा, वेलची, केशर आणि आपल्या मसाल्यातलं दगडफूल अशी बरीच द्रव्यं एकत्र उतरवलेलं. यात जड घटक इतके की ते त्वचेवर उलगडायलाच वेळ घेतं, गरम मसाल्यासारखं सुरू होऊन शेवटी जुन्या लाकडी पेटीसारखं राहतं. उत्तरेत हिना-शमामा-ऊद थंडीत आणि खस-गुलाब-केवडा-मिट्टी उन्हाळ्यात लावायचा प्रघात आहे. त्याला गरम-थंड प्रकृतीचं कारण देतात, पण गरम त्वचेवर जड अत्तर एकदम उसळतं आणि डोकं उठवतं हे कारणही पुरेसं आहे.

मिट्टी अत्तर : भाजलेल्या मातीच्या चकत्या डेगेत घालून काढतात, पहिल्या पावसाचा वास. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ नाव दिलं तेव्हा उत्तर प्रदेशातल्या या धंद्याची नोंद त्यांनी घेतली होती. मातीच्या वासातलं जिओस्मिन माणसाच्या नाकाला लाख कोटीत काही भाग इतकं कमी असलं तरी कळतं. त्वचेवर मात्र मिट्टीतला पाऊस लवकर ओसरतो आणि खालचं चंदन वर येतं.

माणसागणिक फरक : ‘माझ्या स्किनवर वेगळंच लागतं’ हे खरं आहे, पण त्याचं जितकं गूढ करतात तितकं नाही. कोरडी त्वचा तेल लवकर पिते आणि वास लवकर संपतो. तेलकट त्वचेवर स्निग्ध थरात जड द्रव्यं विरघळून राहतात. घाम आणि ऊब उडण्याचा वेग वाढवतात, म्हणून तेच अत्तर पुण्यातल्या डिसेंबरात आणि मेमधल्या मुंबईत दोन वेगवेगळ्या बाटल्यांचं वाटतं. त्वचा किंचित आम्ल (पीएच साधारण ४.५ ते ६) असते, तिच्यामुळे सगळं बदलतं असं बरंच म्हटलं जातं, आम्हाला तापमान आणि तेलकटपणाच जास्त महत्त्वाचे वाटतात. मनगटावर मनगट घासल्याने ‘रेणू फुटतात’ हे तर काहीच्या काही, घासल्याने ऊब येते, थर पातळ होतो आणि पहिला वास लवकर जातो, इतकंच. कपड्यावर अत्तर जास्त टिकतं कारण कापड त्वचेपेक्षा गार असतं, फक्त हिन्याचे डाग जात नाहीत.

उरलेला फरक त्वचेचा नसून नाकाचा. सतत येणारा वास नाक थोड्या वेळाने ऐकेनासं होतं, स्वतःला येत नाही म्हणून माणूस आणखी थेंब लावतो आणि लिफ्टमधल्या लोकांना त्रास. बीटा-आयोनोन हे फुलांच्या वासातलं द्रव्य काहींना छान कळतं आणि काहींना जवळजवळ नाहीच, आणि तो फरक ओआर५ए१ या एका जनुकावर बराचसा ठरतो. काही कस्तुरी-द्रव्यांबाबतही अशी नाकं बहिरी असतात. त्यामुळे दोन माणसं एकाच हातावरच्या अत्तराबद्दल भांडली तर दोघंही खरी असू शकतात.

दालचिनीयुक्त अत्तरांनी काहींना पुरळ येतं. बर्गामोट (एक लिंबूवर्गीय फळ) असलेलं तेल लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडू शकतात.

साठवण : चंदनातलं अत्तर बाटलीत काही महिने राहिलं की फूल आणि लाकूड एकजीव होतात आणि सुरुवातीचा भट्टीचा, वाफेचा वास निघून जातो. पूर्वी कनौजला यासाठी उंटाच्या कातड्याची कुप्पी वापरत, तिच्यातून तेलात राहिलेलं पाणी झिरपून बाहेर पडे आणि तेल आत राही. काचेत पाणी राहिलं तर अत्तर गढूळ दिसतं आणि त्वचेवर पहिल्या मिनिटाला आंबट लागतं.